सतरावा रंग

ठिपकेबाईंचं खरं नाव आता बँकेच्या पासबुकात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. बाकी शेजारीपाजारी, नात्यागोत्यात, इस्त्रीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्या ठिपकेबाई. नव्या माणसाला वाटायचं, आडनाव असेल. त्याही कधी खुलासा करत नसत. "हाक मारली की मी वळते ना, मग झालं," म्हणायच्या.

हे नाव त्यांना चौतीस वर्षांपूर्वी एका कचेरीत चिकटलं होतं. त्या कचेरीची आठवण काढणारा फोन मंगळवारी सकाळी आला तेव्हा त्या स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत बसल्या होत्या.

"मॅडम, 'हरवलेलं कोकरू' या व्हिडिओ गेमची चित्रं तुम्ही काढली होती का?" पलीकडे कोणी तरुण मुलगी होती.

ठिपकेबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. "काढली होती. का गं, काही चुकलं का त्यात?"

चौतीस वर्षांनी कोणी चौकशी करतंय म्हणजे चूकच सापडली असणार, दुसरं काय, असं त्यांना वाटलं. पण मुलगी हसली. तिची कंपनी जुने गेम पुन्हा बाजारात आणत होती. कॅसेटी मिळेनाशा झाल्या, त्या ज्या मशीनमध्ये घालायच्या ती मशीन भंगारात गेली, म्हणून आता हे गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे आणि घरच्या टीव्हीवर नाही तर कॉम्प्युटरवर खेळायचे. ठिपकेबाईंचा नंबर तिने कुठून कुठून विचारत मिळवला होता.

"आम्ही काही म्हणजे काही बदलत नाही मॅडम. जसाच्या तसा देतो. तुम्हाला एक कॉपी पाठवते, बघून सांगा. फक्त शुक्रवारी चार वाजेपर्यंत सांगा. चारला आमचं काम बंद होतं, मग सगळी टीम दुसऱ्या गेमला लागते. जुन्याकडे वळून बघायला कोणाला फुरसत नसते."

"अगं, आम्हालाही तेव्हा नव्हतीच," ठिपकेबाई म्हणाल्या.

लेक सुट्टीसाठी माहेरी आली होती. शाळेत विज्ञान शिकवणारी, त्यामुळे घरातली सगळी यंत्रं तिच्या हाताखालची. दुपारी जेवणं उरकल्यावर तिने हॉलमधल्या भिंतीवरच्या मोठ्या सपाट टीव्हीवर गेम लावून दिला. यजमान पेपर घडी करून खुर्ची पुढे ओढून बसले. ते मूळचे टीव्ही दुरुस्त करणारे. हा भिंतीवरचा टीव्ही त्यांना कधी मनापासून आवडला नाही, कारण त्याच्या आत हात घालण्यासारखं काही नव्हतं.

पडद्यावर एक धनगराची पोर उभी राहिली. लाल फेटा, हातात काठी, डोळ्यांच्या जागी एकेक काळा ठिपका. ठिपकेबाईंच्या तोंडून हलकेच "आली गं बाई" असं निघालं. ही पोर त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून भरून काढली होती. आडव्या सोळा, उभ्या चोवीस. तिची चालतानाची चार चित्रं, उडी मारतानाची दोन. खेळ एवढाच, की तिचं कोकरू डोंगरात हरवलंय आणि ते शोधायचं.

लेक खेळत गेली. जंगल झालं, पूल झाला, वटवाघळांची गुहा झाली. प्रत्येक ठिकाणी ठिपकेबाई आधीच सांगत होत्या, "आता डावीकडे बघ, बेडूक येईल." बेडूक यायचा. मग चौथा टप्पा आला. त्या सरसावून बसल्या. याच्यासाठीच तर त्या बसल्या होत्या. चौथ्या टप्प्यात धबधबा होता, आणि धबधब्याच्या मागे कपारीत ते कोकरू.

पडद्यावर निळ्या उभ्या पट्ट्यांचं एक कुंपण उभं राहिलं. एक पट्टा निळा, एक रिकामा, पुन्हा निळा, पुन्हा रिकामा. त्यामागे कोकराचे उभे काप दिसत होते.

"आई, याला कोणी तुरुंगात टाकलंय? गज लावलेत की," लेक म्हणाली.

यजमानांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेपर पुन्हा उघडला.

फोन त्यांनी लगेच लावला. मुलगी म्हणाली, "हो मॅडम, ते पट्टे आम्हालाही खटकले. कॅसेट जुनी, वाचताना बिघडली असणार. आम्ही दुरुस्त करतोय. उद्या नवी कॉपी पाठवते." ठिपकेबाईंचा जीव भांड्यात पडला.

बुधवारी नवी कॉपी आली. पट्टे खरंच गेले होते. त्यांच्या जागी वरपासून खालपर्यंत एकसारखा निळा रंग होता, नुकतं रंगवलेलं लोखंडी कपाट असावं तसा. कोकरू दिसतच नव्हतं. वर एक पिवळा बाण लुकलुकत होता आणि त्याच्याशेजारी लिहिलं होतं, इथून आत जा.

"हा बाण कसला?" ठिपकेबाईंनी फोनवर विचारलं. आवाज शक्य तितका गोड ठेवला होता, पण लेकीने तो आवाज ओळखला आणि ती हळूच खोलीबाहेर सटकली.

"कोकरू कुठे आहे ते खेळणाऱ्याला कळत नव्हतं ना, म्हणून."

"पूर्वी कसं कळायचं मग? पाण्यातून दिसायचं म्हणून कळायचं. पांढरं पांढरं काहीतरी हललं की पोरं आपण होऊन पाण्यात शिरायची. बाण दाखवल्यावर शोधायचं काय राहिलं?"

"मॅडम, मग जुने पट्टे परत ठेवू का?"

"पट्टे नव्हतेच गं. पाणी होतं."

"पण मॅडम," मुलगी फार अदबीने बोलत होती, त्यामुळे तिच्यावर रागावताही येत नव्हतं, "मी स्वतः दुसऱ्या दोन कॅसेटी मागवून उघडून बघितल्या. तिन्हींत पट्टेच आहेत. तुमच्या हातचेच असणार ते."

ठिपकेबाईंनी "बघते" म्हणून फोन ठेवला. कारण ते खरं होतं. पट्टे त्यांच्याच हातचे होते.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं.

लग्नाआधी ठिपकेबाई भरतकामाचे नमुने काढत. बायकांच्या मासिकात शेवटच्या पानावर चौकटींचा नमुना यायचा, कुठल्या चौकटीत कुठल्या रंगाचा टाका घालायचा ते दाखवणारा. मासिक जिथे छापलं जाई त्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर पाच माणसांची एक कंपनी होती, व्हिडिओ गेम बनवणारी. पाचांतल्या एकालाही चित्र काढता येत नव्हतं. तिथले साहेब एकदा खाली आले, टेबलावर पडलेला मोराचा नमुना त्यांनी पाहिला, चौकटी मोजल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ठिपकेबाई वर बसू लागल्या. खाली यंत्र चालू झालं की वर टेबल थरथरायचं, म्हणून त्या पेन्सिल टेकवून वाट बघायच्या, यंत्र थांबलं की ठिपका भरायच्या. शाईचा वास जिन्यातून वर यायचा. खिडकीशी एक टीव्ही होता, लाकडी खोक्याचा, फुगीर काचेचा. कागदावरचं चित्र आकड्यांत घालून त्या टीव्हीवर उमटवणारा माणूस म्हणजे काटकसरे.

काटकसरे हेही त्याचं नाव नव्हे. पण मशीनच्या पोटात जागा अगदी मुठीएवढी आणि ती सांभाळायचं काम त्याच्याकडे, त्यामुळे तो एकेका ठिपक्यासाठी भांडायचा. घराची चिमणी काढली तर तीच उभी करून झाडाचं खोड म्हणून वापरायचा. रंग होते सोळा.

"मला आरपार दिसणारं पाणी हवंय," ठिपकेबाई एक दिवस म्हणाल्या.

"सोळांत आरपार नावाचा रंग असेल तर दाखवा, आत्ता देतो."

"मग सतरावा द्या."

"सतरावा माहेरून घेऊन या."

ठिपकेबाई माहेरीच राहत होत्या. त्या घरी गेल्या, नमुन्यांची वही काढून बसल्या आणि त्यांना आठवलं, की लाल आणि पिवळा टाका एकाआड एक घातला तर दोन हातांवरून तो नारिंगी दिसतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी धबधबा काढला. एक उभी रांग निळी, एक रिकामी. दर क्षणाला रांगा एका घराने सरकणार. कागदावर ते कुंपण दिसत होतं. काटकसरेने कपाळाला हात लावला, पण आकडे घातले. आणि अँटेनाच्या वायरीतून येणारं ते चित्र त्या फुगीर काचेवर थोडं फिसकटलं, निळा रंग शेजारच्या रिकाम्या रांगेत सांडला, आणि पाणी पडू लागलं. पातळ, हलतं, आरपार पाणी. त्यामागे कोकरू कान हलवत होतं.

काटकसरे उठून टीव्हीजवळ गेला. त्याने काचेला तळहात लावला, हात उलटा करून बघितला. "कोरडा आहे," म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. त्या माणसाने कोणाचं कौतुक केल्याचं तेवढंच एक उदाहरण. त्याला जाऊनही आता अकरा वर्षं झाली.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी टीव्ही दुरुस्तीला एक मेकॅनिक बोलावला. चित्र अधूनमधून गोल फिरायचं तेवढं थांबवायचं होतं. मेकॅनिक उत्साही. त्याने ते थांबवलंच, वर आपल्या मनाने अँटेनाची वायर काढून टाकून तीन रंगांच्या तीन वेगळ्या वायरी जोडून दिल्या. चित्र आरशासारखं लख्ख झालं. आणि धबधब्याचं कुंपण झालं.

"तुम्ही माझं पाणी घालवलंत," ठिपकेबाई म्हणाल्या.

"बाई, मी टीव्ही दुरुस्त केलाय."

"मग बिघडवा परत."

टीव्ही बिघडवून द्या असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. जुनी वायर जोडायला पाच मिनिटं पुरली असती. त्याला तीन दिवस लागले. रोज येऊन म्हणायचा, अजून हवा तसा बिघडत नाही. चौथ्या दिवशी काटकसरे म्हणाला, "आता या दोघांचं लग्न लावून द्या, नाहीतर टीव्ही कायमचा जाईल." वर्षभराने लागलं. कंपनी त्यानंतर दोन वर्षं चालली आणि बंद पडली. ठिपकेबाई पुन्हा भरतकामाचे नमुने काढू लागल्या, ते पुढे वीस वर्षं. मोर काढले, गुलाब काढले, उशांचे कोपरे काढले. कोणी विचारलं असतं की एवढ्या आयुष्यात मनासारखं काय उतरलं, तर त्यांनी एकच गोष्ट सांगितली असती. पण असं कोणी विचारत नाही.

म्हणून बुधवारी त्या जेवल्या नाहीत. पाणी कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हतं. कागदावर नव्हतं, आकड्यांत नव्हतं. ते फक्त काचेवर होतं, आणि त्या काचा आता राहिल्या नव्हत्या. शुक्रवारी चारनंतर ज्याला कोणाला तो धबधबा दिसणार होता त्याला लोखंडी कपाट दिसणार होतं.

"माळ्यावर एक आहे," यजमान गुरुवारी सकाळी दाढी करता करता म्हणाले.

"काय आहे?"

"डबा टीव्ही. तू टाकून दे म्हणालीस तेव्हा मी टाकला म्हणून सांगितलं होतं."

"किती वर्षं झाली त्याला?"

"ते आता कशाला काढतेस?"

टीव्ही तिघांनी मिळून उतरवला. यजमानांची कंबर, लेकीचं अंगठ्याचं नख आणि माळ्याच्या दाराची बिजागरी, तिन्ही कामी आली. दुपारी यजमानांनी तो उघडला, धूळ फुंकली, सुटलेल्या वायरींना दोन ठिकाणी कथिलाचे डाग दिले आणि लेकीच्या कॉम्प्युटरपासून अँटेनाच्या भोकापर्यंत मधे सिग्नल बदलून देणारी एक डबी घालून वायर ओढली. बराच वेळ नुसती खरखर. मग काच हळूहळू उजळली. लेकीने पहिली, पट्ट्यांची कॉपी लावली आणि चौथ्या टप्प्यावर आणून ठेवली.

पाणी पडत होतं.

लेक मागे सरकली, पुढे झाली, पुन्हा मागे सरकली. "आई, हे तू केलंस?" तिने विचारलं. लेकीने आपल्याला असं काही विचारावं अशी वेळ ठिपकेबाईंवर फारशी आली नव्हती. त्या पदराने काचेचा कोपरा पुसत राहिल्या. तो आधीच पुसलेला होता. यजमान डाग देण्याची कांडी हातात धरून तसेच उभे होते. "निळा जरा जास्त आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. असाच होता."

लेकीने मोबाइलवर व्हिडिओ काढून कंपनीतल्या मुलीला पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"मॅडम, आधी उभे पट्टे होते, यात तर आडवे दिसताहेत. काळे, वरखाली धावणारे."

लेकीने व्हिडिओ बघितला. खरंच होतं. डबा टीव्ही मोबाइलच्या कॅमेऱ्यात धड येतच नाही, हे विज्ञानाच्या बाईंच्या लक्षातून गेलं होतं. "आता मी काय शिकवते वर्गात," ती स्वतःवरच वैतागली. तिने खोली अंधारी करून बघितली, लांबून बघितलं. पट्टे काही हटेनात. त्या मुलीची कचेरी दुसऱ्या गावी, टीव्ही काखोटीला मारून नेण्यासारखा नव्हता.

शुक्रवार उजाडला. अकराला ठिपकेबाई चष्मा काढून डोळे चोळत हॉलमध्ये बसल्या होत्या. समोर भिंतीवरच्या टीव्हीवर लेकीने रात्रीपासून तसंच सोडलेलं कुंपण होतं. त्यांनी डोळे चोळून वर पाहिलं, आणि चष्मा शोधण्यासाठी लांबवलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी चष्म्याऐवजी फोन उचलला.

"तुला चष्मा आहे का गं?"

"चष्मा?" मुलगी गोंधळली. "आहे."

"जवळचा की लांबचा?"

"लांबचा. साडेतीन नंबर."

"छान. ते जुने पट्टे लाव मोठ्या टीव्हीवर. लावलेस? आता चष्मा काढ आणि चार पावलं मागे जा. बाकी सगळं धुरकट दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. धबधब्याकडे बघ."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यजमान आणि लेक ठिपकेबाईंच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले.

"काकू," मुलगी म्हणाली. आत्तापर्यंत ती मॅडम म्हणत होती. "काकू, पाणी आहे."

"आणि मागे?"

"काहीतरी पांढरं हलतंय."

"ते आमचं कोकरू."

मग पलीकडे गडबड उडाली. चष्मे काढा, मागे या, अरे मागे ये म्हणजे टेबलावर चढू नको. मुलगी परत फोनवर आली तेव्हा धापा टाकत होती. "सात जणांपैकी सहा चष्मेवाले निघाले. सगळ्यांना दिसलं."

"सातवा?"

"तो म्हणतोय, तुम्ही म्हणताय तर असेल."

मुलगीच पुढे म्हणाली, "काकू, आता आमच्याकडे रंगांना तोटा नाही. खरं आरपार पाणी करता येतं. पंधरा मिनिटं द्या."

पंधराच्या जागी तीस मिनिटं लागली, पण पाणी आलं. निळसर, नितळ, आणि कोकरू त्यातून ठसठशीत दिसत होतं. एकेकाळी काटकसरेकडे ज्यासाठी हट्ट धरला होता तो सतरावा रंग हाच. ठिपकेबाई पुष्कळ वेळ बघत बसल्या. वाईट नव्हतं. मागितलं होतं तेच मिळालं होतं, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"बोला की," यजमान म्हणाले.

"हे पाणी पडत नाहीये हो. उभं आहे. खिडकीला काच बसवावी तसं."

त्यांनी तेच मुलीला सांगितलं. "माझ्याच रांगा ठेव. दोष त्यांच्यात नव्हता. तुमचे टीव्ही फार चांगले झालेत, तेवढं जरा बिघडवता आलं तर बघ. मघाशी टेबलावर चढत होता ना कोणी, विचार त्याला."

मुलीच्या वरिष्ठांनी आधी हात वर केले. लोक लख्ख चित्रासाठी येतात, धुरकट दिलं तर तक्रारी करतात. दीडपर्यंत नाही, अडीचपर्यंत बघू. तीन वाजून दहा मिनिटांनी ठरलं, की बाकी सगळा खेळ लख्ख, पण चौथ्या टप्प्यावर चित्र आपोआप जुन्या टीव्हीसारखं फिसकटेल. ज्याला नको त्याने बंद करावं. बाण निघाला. मुलीने चार वाजायला सहा मिनिटं असताना शेवटची कॉपी पाठवली.

सपाट टीव्हीवर पहिल्यांदाच पाणी पडलं. लेकीने पोरीला धबधब्याच्या काठाशी उभं केलं आणि खेळायची कांडी आईच्या हातात दिली. ठिपकेबाईंना खेळता कधीच आलं नव्हतं. चित्रं काढणारी बाई दुसऱ्या टप्प्याच्या पुढे कधी गेली नाही, यावर कचेरीत सगळे हसायचे. दोनदा त्या खडकावरून पडल्या. तिसऱ्यांदा पोर पाण्यात शिरली, फिकट झाली, आणि पलीकडे कोकराजवळ जाऊन उभी राहिली.

ठिपकेबाई पुढे वाकल्या. चष्मा नीट बसवला. "अहो, याचा मागचा पाय बघा. एक ठिपका आखूड आहे."

यजमानांनी बघितलं. "आहे खरा. चार वाजायला दोन मिनिटं आहेत. लावू फोन?"

ठिपकेबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग कोकराकडे. ते कान हलवत होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चहा टाका."